प्रश्न सतरावा, दोन गुण

रविवार, १७ मे

चि. माऊस,
अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. डोळ्याचं ऑपरेशन होऊन सहा आठवडे झाले. डावा डोळा इतका लख्ख झाला आहे की आता उजव्याची लाज वाटते. डाव्याने पाहिलं की घरातली सगळी धूळ दिसते, उजव्याने पाहिलं की घर स्वच्छ. पाहुणे आले की मी उजव्याने बघते. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई रोज संध्याकाळी थेंब घालायला येतात आणि थेंब घालून झाले की मान वर केलेल्या अवस्थेतच मला त्यांच्या सुनेच्या तक्रारी ऐकवतात. पळता येत नाही.

फोन का केला नाही, असं विचारशील. फोनवर तू ‘बरं’ म्हणतेस आणि दुसऱ्यांदा ‘बरं’ म्हणालीस की ठेवून देतेस. मला जे सांगायचं आहे ते दोन ‘बरं’मध्ये बसणार नाही. शिवाय लिहिताना मधेच थांबता येतं. मला थांबायला लागणार आहे.

तुझा निरोप मिळाला. ‘चिंगीचा फॉर्म भरतेय, आर्ट्सचा. सायन्स तिच्या डोक्यात शिरत नाही, माझ्यासारखंच. शेवटची तारीख तीस. तू मध्ये पडू नकोस.’ चार वाक्यं. दवाखान्यातल्या पेशंटना तू याहून जास्त लिहीत असशील.

मी मध्ये पडत नाही. पण हे पत्र तीस तारखेच्या आत तुला मिळावं म्हणून उद्या मी स्वतः पोस्टात जाऊन नोंदणी करून टाकणार आहे. पेटीवर माझा विश्वास नाही.

चिंगी आठ दिवस राहून गेली त्याबद्दल तुला लिहायचं राहूनच गेलं. उंच झाली आहे. दार उघडं ठेवते, दिवे चालू ठेवते, टॉवेल पलंगावर टाकते, सगळं तुझ्यासारखं. तुझ्याबद्दल खूप बोलते. दातांच्या दवाखान्यातली खुर्ची अडकली की डॉक्टर आधी तुला हाक मारतात आणि मग कंपनीला फोन लावतात, असं सांगत होती. ‘आई खाली वाकते, काहीतरी करते आणि खुर्ची वर येते.’ मी म्हटलं, तिला कुणी शिकवलं? तर म्हणाली, ‘कुणी नाही. बघून बघून.’

तिने मंडळाच्या प्रवेशपरीक्षेची सरावाची पुस्तिका आणली होती. मी म्हटलं बस, सोडव, मी वेळ लावते. जेवणाच्या टेबलाशी बसली. तूही तिथेच बसायचीस, खिडकीकडे पाठ करून. पंधरा-वीस मिनिटांनी ओरडली, ‘आजी, यात आईचं नाव आहे!’

मी स्वयंपाकघरात होते. मला तिथूनच कळलं की कुठला प्रश्न. सतरावा. दोन गुणांचा.

‘बघ ना,’ म्हणाली, ‘आई गियरच्या सायकलवरून चढ चढतेय. तिला कमीत कमी जोर लागावा म्हणून चेन कुठे असायला हवी? पुढे मोठं मागे लहान, पुढे लहान मागे मोठं, दोन्ही मोठी, दोन्ही लहान.’ मग म्हणाली, ‘आई सांगत असते ना तो हाच. तिचा एका मार्काने सायन्सचा प्रवेश गेला तो. मला पण नाही येत. आपल्या घरात ते नाहीच म्हणते आई.’

तुझ्या घरात तू ही गोष्ट विनोद म्हणून सांगतेस, हे मला माहीत नव्हतं.

आता थांबते. कुकरची शिट्टी झाली.

सोमवार

कुकरची शिट्टी काल दुपारीच झाली होती. त्यानंतर मी जेवले, झोपले, शिंपीणबाईंची सून पूर्ण ऐकली, पण पत्राकडे फिरकले नाही. आज पोस्टात जायचं होतं तेही गेले नाही. तेव्हा आता सरळ लिहिते.

तो प्रश्न मी ठेवला.

तयार दुसऱ्या कुणीतरी केला होता. पण तो बाद होत होता आणि मी तो होऊ दिला नाही. तुझी परीक्षा झाली त्याच्या आदल्या वर्षी. तू पंधरा वर्षांची होतीस, आत्ता चिंगी आहे तेवढी.

मी शनिवारी ‘मंडळाच्या कामाला’ जायचे, तुला आठवत असेल. काय काम ते सांगायची बंदी होती आणि मला ती बंदी फार आवडायची. प्रश्नपेढीचं काम होतं ते. तिसऱ्या मजल्यावर एक लांब खोली, काच घातलेलं टेबल, न उघडणारी खिडकी. आत जाताना पिशव्या बाहेर ठेवायच्या, निघताना कच्चे कागद फाडून टोपलीत टाकायचे. सहा जण. पाच पुरुष आणि मी. प्रश्न आधी काही शाळांत चाचणी म्हणून द्यायचे, मग त्याचे आकडे यायचे: शंभरात किती मुलांना आला, किती मुलींना आला. दोन्हींत दहापेक्षा जास्त फरक पडला की एक गुलाबी कागद भरावा लागायचा. एक तर प्रश्न काढून टाकायचा, नाहीतर ‘कारण’ या रकान्यात तो का ठेवला ते लिहायचं. खाली छापलेलं असायचं, ‘वरील मजकूर वाचून, समजून सही केली आहे.’

या प्रश्नाचे आकडे मला पाठ आहेत. मुलगे बहात्तर, मुली सदतीस.

आकडे आणायचा तो एक तरुण मुलगा होता, गणितातला. आम्ही त्याला आकडेवाला म्हणायचो. भिडस्त, पण कामात चोख. त्याने नुसता आकडा आणला नव्हता. त्याने तोच प्रश्न दुसऱ्या तऱ्हेने लिहून, दुसऱ्या शाळांत देऊन पाहिला होता. सायकल नाही, चढ नाही. नुसती पट्ट्याने जोडलेली एक लहान आणि एक मोठी अशी दोन चाकं, चित्र काढून, आणि कुठलं फिरवलं तर जोर कमी लागेल ते विचारलेलं. विज्ञान तेच. त्यात मुलगे एकसष्ट, मुली अठ्ठावन्न. म्हणजे मुलींना विज्ञान येत होतं, माऊ. गियरची सायकल कधी हातात मिळाली नव्हती एवढंच.

त्याने दोन्ही प्रश्न एकाच कागदावर शेजारी शेजारी मांडले होते आणि तो कागद अध्यक्षांसमोर न ठेवता माझ्यासमोर ठेवला. हळूच म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही म्हणालात तर पहिला निघेल.’

अध्यक्षांनी ऐकलं. ते मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, आवाज अजून मैदानावरचा. म्हणाले, ‘मुली सायकलला हात लावत नाहीत, याला विज्ञान काय करणार? आणि आपल्या मॅडमना विचारा की. काय मॅडम, येतं का उत्तर?’

मी कागदाकडे नीट पाहिलंही नाही. म्हटलं, ‘पुढचं लहान, मागचं मोठं. पाय जास्त वेळा फिरतात, जोर कमी लागतो.’

‘बघा!’ अध्यक्षांनी टेबलावर थाप मारली. ‘बाई असून झटक्यात सांगितलं. डोकं लागतं, डोकं!’ आणि सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की मी हरभऱ्याच्या झाडावर चढले ती उतरलेच नाही. आनंद झाला मला, खोटं कशाला सांगू. पाच पुरुषांच्या टेबलाशी मी एकटी आणि माझं डोकं सिद्ध झालं.

आकडेवाल्याने एकच प्रश्न विचारला. ‘मॅडम, हे तुम्ही कुठे शिकलात?’

मी म्हटलं, ‘वर्गात.’

तुला माहीत आहे मी कुठे शिकले. नाही, तुलाही अर्धंच माहीत आहे. तुझ्या आजोबांचं सायकलचं दुकान होतं एवढं मी तुला सांगितलं होतं, तेही तुझे बाबा बोलून गेले म्हणून. शाळा सुटली की मी दुकानात असायचे. पंक्चर काढायचे, चेन चढवायचे. गावातल्या डॉक्टरांची गियरची सायकल महिन्याला दुरुस्तीला यायची आणि ती उलटी ठेवून पायडल फिरवायचं काम माझं. सात वर्षांची होते तेव्हापासून माझ्या बोटांना ते उत्तर येत होतं. पुस्तकात तो धडा आला तेव्हा मी नुसती मान हलवली.

आणि त्याच बोटांची मला पुढे लाज वाटली. नखांतलं काळं निघायचं नाही. शाळेत मुली हात धरायच्या नाहीत माझा. शिक्षिका झाले तेव्हा ठरवलं की माझ्या मुलीच्या नखांत काळं जाणार नाही. म्हणून तू सायकल मागितलीस तेव्हा नाही म्हटलं. आजोबांनी तुझ्यासाठी एक जुळवून ठेवली होती, लाल रंग देऊन. ती मी परस्पर कुणाला तरी देऊन टाकायला लावली. तुला दुकानात जाऊ दिलं नाही. ‘अभ्यास कर, हात काळे करू नकोस,’ किती वेळा म्हटलं असेन. मला जे हातांनी आलं ते तू पुस्तकातून शिकावंस अशी माझी इच्छा होती. आणि परीक्षेत मात्र मी हातांनाच येणारं विचारायला परवानगी दिली.

अजून एक राहिलं. तेच सर्वांत वाईट आहे.

प्रश्न ठेवायचा ठरला, पण पस्तीसचा फरक कागदावर होता. काहीतरी केल्याचं दाखवायला हवं होतं. तेव्हा मीच सुचवलं. मूळ प्रश्नात एक मुलगा सायकल चालवत होता. मी म्हटलं, मुलगी करू. कुणाला आक्षेप उरणार नाही. सगळ्यांना हायसं वाटलं. चहा आला. अध्यक्ष म्हणाले, नाव सुचवा एखादं चांगलंसं.

मी तुझं नाव दिलं.

लाडाने दिलं गं. छापलेल्या कागदावर माझ्या मुलीचं नाव, हजारो मुलं वाचतील, असं वाटलं. तुझ्याच पेपरात तो प्रश्न निघेल हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. पेढीतले प्रश्न नंतर दुसरीच माणसं निवडत. पण दिलं मीच. आणि ‘कारण’ रकान्यात माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘प्रश्नातील व्यक्ती मुलगी केली आहे. पक्षपात उरलेला नाही.’ खाली सही.

आकडेवाल्याने कागद गोळा केले. तो दोन प्रश्नांचा कागद मी फाडला नाही, चष्म्याच्या घरात घडी करून बाहेर आणला. नियम मोडला आयुष्यात तो एकदाच. का आणला ते सांगता येत नाही. परत टेबलावर ठेवायचा म्हणून आणला असेल. ठेवला मात्र नाही.

पुढचं तुला माहीत आहे. पण मी ते माझ्या बाजूने लिहिणार आहे, कारण माझी बाजू तू कधी ऐकली नाहीस, आणि ऐकण्यासारखी ती नाहीच.

तू परीक्षेहून आलीस, चपला न काढता टेबलाशी बसलीस आणि म्हणालीस, ‘आई, पेपरात माझं नाव होतं गं. मी एकदम घाबरलेच. वाटलं, मलाच विचारतायत. मला सायकल कुठे येते? दहा मिनिटं त्यातच गेली, पुढचे दोन घाईत केले.’ मी तुझ्या हातातून प्रश्नपत्रिका घेतली. सतरावा पाहिला. त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. बंदी होती म्हणून बोलले नाही, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. बंदी वगैरे काही नाही. तू माझ्याकडे कशी बघशील याची भीती वाटली. आणि माणूस घाबरला की ओरडतो, तशी मी ओरडले. ‘एवढं सोपं चुकवलंस? हे शेंबडं पोर सांगेल!’

तू मला म्हणालीस, ‘असतं एकेकाला डोकं, तुझ्यासारखं.’ टोमणा नव्हता तो. तुला खरंच तसं वाटत होतं. निकालात एक गुण कमी पडला, तुझे बाबा मंडळात अर्ज करू म्हणाले, आणि मी म्हटलं, ‘नको, नाही तिच्यात तेवढी कुवत, उगाच कशाला.’ अर्ज केला असता तर कागद निघाले असते. गुलाबी कागदही निघाला असता.

ते तू दाराआडून ऐकलंस. त्यानंतर तू माझ्याशी कधी भांडली नाहीस. सव्वीस वर्षं ‘बरं’ म्हणते आहेस.

मंगळवार, सकाळी

हे वाचून झाल्यावर तू म्हणशील, म्हातारपणी पापं धुऊन घेते आहे. म्हण. पण दोन गोष्टी ऐक, मग पत्र फाड.

चिंगीला मी त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे घेऊन गेले. गियरची सायकल उलटी ठेवायला लावली. तिला म्हटलं, एका हाताने मागचं चाक थोडं दाबून धर, दुसऱ्याने पायडल फिरव, आणि चेन बदलली की काय होतं ते मला सांग. मी उत्तर सांगितलं नाही. चार मिनिटं लागली. तिने सगळ्या जोड्या करून पाहिल्या, मग म्हणाली, ‘अगं, हे तर सोपंय. पुढे लहान, मागे मोठं. पण मग वेग कमी होणार ना? म्हणजे फुकट काही मिळत नाही.’ हे शेवटचं पुस्तिकेत विचारलेलं नाही. ते तिने स्वतः काढलं. हात कोपरापर्यंत काळे. तसेच हात घेऊन रस्त्याने चालत होती आणि मधेच थांबून तिने विचारलं, ‘आजी, तुला हे सगळं येत होतं, तर मग आईला का नाही दाखवलंस?’

मी म्हटलं, वेळ नव्हता.

तिच्याशीही खोटंच बोलले. सवय आहे.

दुसरी गोष्ट. ती गेल्यावर मी मंडळाला पत्र लिहिलं, नाव-हुद्दा सगळं घालून, की हा प्रश्न काढा, मुलींवर अन्याय होतो, मी साक्षीदार आहे. मंडळाने कधी नव्हे ते तीन आठवड्यांत उत्तर पाठवलं. उत्तर असं: ‘सदर प्रश्न पूर्वीच तपासण्यात आला असून प्रश्नातील व्यक्ती मुलगी असल्याने पक्षपात उरलेला नाही.’ माझंच वाक्य. माझ्याच तोंडावर मारलं, तेही टाइप करून. मी हसले, माऊ. एकटीच स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने हसले.

म्हणजे त्या प्रश्नात तू अजून चढ चढते आहेस. दर वर्षी. प्रश्नातल्या तुला मी सायकल दिली, घरातल्या तुला दिली नाही. आणि दर वर्षी कुठलीतरी मुलगी तुझं नाव वाचून आपल्याला डोकं नाही असं समजते.

सोबत तो कागद पाठवते आहे. घड्यांवर फाटला आहे, जपून उघड. डावीकडे तुझा प्रश्न, उजवीकडे आकडेवाल्याचा. उजवीकडचा तू आधी सोडव. पेन घेऊन बस, दवाखान्यातली खुर्ची वर आणतेस तशी बस. मग चिंगीला सोडवायला दे. मंडळाचं उत्तरही जोडलं आहे.

फॉर्म कुठला भरायचा ते तुम्ही दोघी ठरवा. चिंगीला मनापासून आर्ट्स हवं असेल तर खुशाल भरा, मी अवाक्षर काढणार नाही. पण ‘आपल्या घरात ते नाहीच’ हे कारण घालू नकोस. ते कारण तुझं नाही. ते मी तयार केलं, आणि मला माहीत होतं की ते खोटं आहे.

यानंतर चिंगीला सुट्टीत माझ्याकडे पाठवायची नसेल तर नको पाठवूस. मी फोन करून विचारणार नाही. हे पत्र तिला वाचायला द्यायचं की नाही तेही तूच ठरव. दिलंस तर ‘वेळ नव्हता’च्या खाली रेघ मारून दे.

माफ कर असं लिहायला घेतलं होतं आणि खोडलं. वर शाईचा डाग दिसेल तो त्याचाच. माफी मागायचा हक्क मी तू दाराआड उभी होतीस त्या दिवशी घालवला.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली आहे.

आई